नजर वाटेवर, हात सरळ

१२ जानेवारी, संध्याकाळ

आजपासून रोज लिहिणार. लोकांची तोंडं कोण धरणार? पण घडलं ते तपशिलासकट लिहून ठेवलेलं असलं की माणूस निर्धास्त असतो.

काल संध्याकाळी घराच्या वळणावर, लाँड्रीच्या अलीकडे, डाव्या बाजूने कुत्रा आडवा आला. आकार मध्यम. रंग मातकट. एक कान मुडपलेला. मी गाडीवर, ही मागे. वेग चाळीसच्या आत. मी हँडल उजवीकडे घातलं. गाडी तरीही डावीकडेच आडवी झाली. हे शास्त्राला धरून नाही. तपास करावा लागेल.

नुकसान: कुत्र्याचं काही नाही. माझ्या कोपराला खरचटलं. गाडीला अडकवलेल्या पेटीतल्या वजनांना ओरखडाही नाही. पेटी मी स्वतः बनवली आहे, लोखंडी पट्ट्या मारून. हिचं डावं मनगट मोडलं. त्यात ही डावखुरी. नशीब बघा.

प्लास्टर सहा आठवडे. मी डॉक्टरांना रस्त्याचा नकाशा काढून दाखवत होतो. ते म्हणाले, काका, तुम्ही जरा बाहेर बसता का.

१४ जानेवारी

हिला कामावर सोडायला गाडी काढली. ही शिवणाच्या दुकानात कापड बेतते; डाव्या हाताची कात्री त्या दुकानात एकच आहे, ती हिची. हात बरा होईपर्यंत मालकिणीने बटणं निवडायला बसवलंय. फाटकाशी येऊन हिने गाडीकडे बघितलं आणि म्हणाली, मी बसने जाते. मी विचारलं, का? म्हणाली, सहज.

लग्न झाल्यापासून ही माझ्याच मागे बसत आली आहे. सहज काय?

संध्याकाळी मेहुणा येऊन गेला. ट्रॅव्हल्सचं ऑफिस चालवतो, स्वतः सायकलसुद्धा धड चालवत नाही. म्हणाला, भावोजी, कुत्रा वाचला ना, मग झालं तर. मी म्हटलं, तेच तर. तो टोमणा होता हे मला कळेपर्यंत तो जिना उतरून गेला होता.

संकल्प: प्लास्टर निघेल त्या दिवशी ही हॉस्पिटलमधून माझ्याच गाडीवर घरी येणार.

२० जानेवारी, सकाळ

मी लोकांचे वजनकाटे दुरुस्त करतो. कुणाकडे शिकलो नाही. एक जुना काटा उघडला, पुन्हा जोडला, उरलेले दोन स्क्रू कुठले ते शोधत बसलो, तिथून विद्या आली. आज सोनाराच्या काट्यात केसाइतका फरक असला तरी दांडीच्या थरथरीवरून सांगतो. अशा माणसाला रस्त्यावरचं कुत्रं चुकवणं म्हणजे काय अवघड.

आठवडाभर मोबाइलवर परदेशी मोटरसायकलवाल्यांचे व्हिडिओ बघितले. भराभर बोलतात, पण हातवारे समजतात. सार काढलं आहे:

एक. नजर जनावरावर नाही, वाटेवर. ज्याच्याकडे बघाल त्याच्यावरच जाऊन आदळाल.
दोन. लहान जनावर असेल तर हँडल वळवायचं नाही. दोन्ही ब्रेक, हात सरळ.
तीन. एक गेलं की मागे दुसरं असतंच.
चार. आधी आवाज द्यावा.

म्हणजे त्या दिवशी माझं दुसऱ्या नियमात चुकलं. चुकलं असंही नाही, नियम तेव्हा माहीत नव्हता.

हिला चारही वाचून दाखवले. ही म्हणाली, आणि पाचवा? मी म्हटलं, पाचवा कुठला? म्हणाली, वळणावर हळू.

बायकांना शास्त्राची गोडी नसते.

२६ जानेवारी, रविवार

गोदामामागच्या मोकळ्या जागेत सराव. पोत्यात चिंध्या भरून कुत्रा तयार केला. पोतं मोठं घेतलं, कारण नीट आठवता तो कुत्रा मध्यम नव्हता, चांगला मोठा होता.

सकाळभरात पोत्याला बरेचदा धडक. नजर वाटेवर ठेवायची म्हटलं की पोतं दिसतं.

कारण सापडलं: पोतं हलत नाही. खरं जनावर हलतं, त्यामुळे वाट मोकळी होते. सराव साधनाच्या दोषामुळे फसला, साधकाच्या नाही.

गोदामाचा रखवालदार खुर्ची आणून बसला होता. जाताना म्हणाला, साहेब, पोत्याने काय केलंय तुमचं?

४ फेब्रुवारी

घरचा भेदी. ही त्या कुत्र्याला खायला घालते.

शिळा पाव, उरलेलं दूध. फाटकाशी. उजव्या हाताने. मी म्हटलं, ज्याने तुझा हात मोडला त्याला पाव? ही म्हणाली, हात त्याने नाही मोडला. मी विचारलं, मग कुणी? ही आत निघून गेली.

नावही ठेवलंय. मुकादम. म्हणे फाटकाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर देखरेख करतो. मी गाडी लावत होतो तेव्हा त्याने मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. मी नजर वाटेवर ठेवली.

२३ फेब्रुवारी

प्लास्टर निघालं. आतला हात बघवेना. वाळलेल्या शेंगेसारखा. मूठ पुरती मिटत नाही, मनगट वळत नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मऊ रबरी चेंडू दिला. सकाळ-संध्याकाळ दाबायचा, म्हणजे पकड येईल. पकड आली तर कात्री, नाहीतर बटणंच.

मी सीट पुसून, गाडी तोंड फिरवून तयार ठेवली होती. ही गाडीपाशी आली, सीटवर हात ठेवला. मग बसस्टॉपकडे चालू लागली.

मी बसच्या मागे मागे गेलो. एका सिग्नलला खिडकीच्या बरोबर शेजारी आलो. हिने हात हलवला. उजवा.

संकल्पाची तारीख पुढे ढकलली आहे. रद्द नाही.

२५ फेब्रुवारी

बेकरीवाल्याचा काटा. तो म्हणाला, कुत्र्यामुळे पडलात म्हणे. मी म्हटलं, कुत्रा कसला, वासरू म्हणा. तीस किलोच्या खाली नसेल. माझा हाताचा अंदाज चुकत नाही. तो म्हणाला, हात लावला होता का? मी म्हटलं, अनुभवी माणसाला लांबूनही कळतं.

हल्ली लोक प्रश्न फार विचारतात.

२ मार्च, दुपार

नियम चौथा: आवाज. हॉर्नला कुत्री सरावलेली असतात. परदेशात गाडीला विशिष्ट शिट्टी लावतात. माणसाला ऐकू येत नाही, जनावर पळून जातं. आपल्याकडे मिळत नाही. मी घरीच केली.

पितळी नळी, तोंडाशी तिरका काप, आत पत्र्याची जीभ. हवेसाठी मऊ, पण दाबलं की परत फुगेल असं काहीतरी हवं होतं. टेबलावर हिचा चेंडू होता. अगदी हवा तसा. भोक पाडून नळी बसवली, हँडलच्या डाव्या मुठीपाशी बांधला. अंगठ्याने दाबलं की काम होतं.

हिने संध्याकाळी चेंडू शोधला. मी दाखवला. मी म्हटलं, दुसरा आणून देतो, उद्याच. त्याच्या जागी आज मोजा गुंडाळून दाबत होती.

४ मार्च

शेजारच्या आजोबांची तक्रार: दुपारची झोप मोडते. लाँड्रीवाल्याने विचारलं, काका, किटली विकत फिरता का? खालच्या मजल्यावरचं बाळ म्हणे दचकून रडतं.

निष्कर्ष: आमच्या आळीतल्या लोकांचे कान असामान्य तीक्ष्ण आहेत.

(चेंडू आणायचा राहिला.)

११ मार्च

शिट्टीचा परिणाम स्पष्ट आहे. संध्याकाळी लाँड्रीपाशी आलो की दाबतो. मुकादम फाटकाशी लोळत असतो, तो आवाज होताच ताडकन उठतो आणि धावत सुटतो. कान ताठ, मुडपलेलासुद्धा. आठवडाभर हाच अनुभव. परदेशातल्या लोकांनी फुकट नाही लिहिलेलं.

हिला सांगितलं. ही म्हणाली, अहो, तो पळून जात नाही. तुमची शिट्टी ऐकली की मी पाव घेऊन खाली येते, हे त्याला कळलंय. तो तुम्हाला आणायला येतो.

मी म्हटलं, मला? म्हणाली, तुम्हाला म्हणजे, पावाला.

कुत्र्याला इतका विचार करता येत नाही. दिशा कुठलीही असो, धावतो ही गोष्ट खरी. भेदरलेलं जनावर कुठेही धावतं.

१९ मार्च

हिने दुकानात आज कात्री हातात धरून बघितली. पहिल्याच कापाला सुटली. मालकिणीची सून आता बेतायला बसते. ती उजव्या हाताची. ही म्हणाली, नवी कात्री मागवलीय त्यांनी. आणि भांडी घासायला लागली. कढई धरताना डावा हात वाकडा करते, कोपरापासून.

मी नळ घट्ट केला. गळत होता.

उद्या चेंडू नक्की.

३० मार्च, रविवार

मुलीचा फोन. लग्न होऊन दूर गेली तरी हुकूम इथेच चालतो. बाबा, आई तुमच्या मागे का बसत नाही? मी म्हटलं, तिला बस आवडू लागली आहे. म्हणाली, बाबा, बस कुणालाही आवडत नाही. आईलाच विचारा, पण उत्तर येईपर्यंत मधे बोलू नका.

विचारलं. मधे बोललो नाही, फार अवघड गेलं.

ही म्हणाली, ती पेटी काढा. डाव्या बाजूला मण-मण लोखंड लटकवता, उजवीकडे काही नाही. तुम्ही वळवता एकीकडे, गाडी पडते दुसरीकडे. पेटी काढा, मी बसेन. येत्या रविवारी म्हणाल तर येत्या रविवारी.

मी म्हटलं, उजवीकडे सायलेन्सर आहे, तिथे पेटी बसत नाही. म्हणाली, मग वजनं घरी ठेवा, मला घ्या.

म्हणजे समतोल मी हिच्याकडून शिकायचा. दोन पारड्यांमध्येच ज्याचा जन्म गेला त्याने. मी म्हटलं, पेटीचा आणि पडण्याचा संबंध नाही. पेटी काढली तर लोक म्हणतील, पेटीमुळेच पडला होता. ही म्हणाली, म्हणू देत की. लोक मागे बसत नाहीत, मी बसते.

बसते म्हणाली. ‘पूर्वी बसायचे’ असं नाही म्हणाली. हे सुचिन्ह आहे.

पेटी राहील. प्रश्न तत्त्वाचा आहे.

६ एप्रिल, रविवार

वाट बघितली. सीट पुसली. ही गॅलरीत आली, पेटी अजून आहे हे वरून बघितलं आणि कपडे वाळत घालू लागली.

पोत्यावर पुन्हा सराव. आज मोठी प्रगती. पोत्याला धडक दिली, पण हँडल तसूभर वळलं नाही, दोन्ही ब्रेक, गाडी उभीच्या उभी. रखवालदार म्हणाला, पोतं गेलं की हो, साहेब. मी म्हटलं, पोतं जाऊ द्या, गाडी बघा.

दुसरा नियम आता अंगात मुरला आहे.

९ एप्रिल

संध्याकाळ. लाँड्रीपाशी आलो. शिट्टी दिली. ही जिन्यावरून खाली येत असणार, दार वाजलेलं मला ऐकू आलं. डावीकडून मुकादम निघाला, नेहमीसारखा, कान ताठ. मी नजर वाटेवर ठेवली. हात सरळ. दोन्ही ब्रेक. हँडल वळवलं नाही.

गाडी पडली नाही.

लिहून ठेवतो, कारण हे खरं आहे. सगळं नियमाप्रमाणे झालं, आणि गाडी उभी होती. मी गाडीवर बसून होतो आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले होते.

ही फाटकात होती. हातात पाव. तो हिने खाली टाकला नाही, खिशात ठेवला, नीट. मग रस्त्यावर बसली. मुकादम तोंड उघडून श्वास घेत होता, मागचे पाय हलत नव्हते. जनावरांचा डॉक्टर बाजारापलीकडे. मी म्हटलं, रिक्षा बघतो. ही म्हणाली, पेटी काढा.

मी म्हटलं, आत प्रमाण वजनं आहेत, सावकाश काढावी लागेल, पाना वर आहे. हिने उजव्या हाताने खिट्टी ओढली, डाव्या हाताचा कोपर पेटीखाली घातला आणि ढकललं. पेटी रस्त्यावर पडली. माझी पेटी इतक्या सहज निघते हे मला ठाऊक नव्हतं.

मी त्याला उचललं. बारा किलो. फार तर साडेबारा.

ही मागे बसली, त्याला मांडीवर घेऊन.

गाडी सरळ गेली. इतकी सरळ की मला हातात काही जाणवेना. बाजाराच्या रस्त्यावर तीन ठिकाणी खड्डे आहेत, तिन्ही चुकवले, एकही ब्रेक जोरात नाही. वेग वीस-बावीस. वळणावर त्याहून हळू. हिचा डावा हात माझ्या खांद्यावर होता. पकड नव्हती त्याला, पण होता. माझ्या मनात आलं ते लिहितो: आज ही बघते आहे. आज हिला कळेल, मी कशी चालवतो.

दवाखान्याच्या दाराशी गाडी लावली, स्टँडवर, हळू. म्हटलं, उतर, मी त्याला घेतो. ही म्हणाली, असू द्या. वळणावरच गेला तो.

कुठल्या वळणावर, मी विचारलं. म्हणाली, आपल्याच.

मग मघाशीच का नाही सांगितलंस?

म्हणाली, चांगली चालवत होतात. मनात म्हटलं, चालवू देत.

डॉक्टरांनी तरीही तपासलं. त्यांच्या मागच्या अंगणात जागा आहे म्हणाले. ही त्यांच्याबरोबर गेली. खिशातला पाव बाहेर काढलेला मी खिडकीतून बघितला.

येताना ही चालत आली. मी गाडी ढकलत बरोबर चाललो. काही अंतरावर ही म्हणाली, तुम्ही जा पुढे, उगाच कशाला दमता.

१० एप्रिल

पेटी उघडली. किलोच्या वजनाचा कोपरा उडालाय. आता ते किलो नाही. याच्यावर लोकांचे काटे लावता येणार नाहीत. नवीन घ्यावं लागेल, आणि तोवर हात बांधलेले.

मेहुण्याचा फोन. मी तयारीत होतो, पण त्याने टोमणा मारला नाही. म्हणाला, ताईला जपा. फोन ठेवला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

१५ एप्रिल

पेटी परत लावली नाही. तात्पुरतं. वजनंच अपुरी आहेत म्हणून.

शिट्टी सोडवली. चेंडू धुऊन, पुसून हिच्या टेबलावर ठेवला. हिने दाबून बघितला. भोकातून हवा फुस्स निघून गेली, चेंडू तळहातात मिटला तो मिटलाच. ही म्हणाली, असू द्या, आता मोजाच बरा वाटतो.

मुकादम वळणावर थांबला असता तर, असं एक वाक्य इथे लिहिलं होतं. खोडलं.

१९ एप्रिल

सकाळी सीट पुसली. गाडी फाटकाबाहेर काढून, तोंड फिरवून उभी केली. डाव्या बाजूला पेटी नाही, तिथे पेटीच्या आकाराची स्वच्छ जागा आहे, बाकी धूळ. ही आली. हिने त्या जागेवर एकदा बोट फिरवलं आणि म्हणाली, बसची वेळ झाली.

संध्याकाळी लाँड्रीपाशी आलो, वेग दहा. डावा अंगठा आपोआप मुठीवर दाबला गेला. तिथे आता काही नाही, नुसतं रबर. वर स्वयंपाकघरातला दिवा लागलेला होता. दार वाजलं नाही.

नजर वाटेवर होती. हात सरळ. वाटेत आज एकही जनावर आडवं आलं नाही.